देणगीदारांच्या सोफ्यावर किटली

आमच्या गल्लीत तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. किटली म्हटलं की बघते, आधी चार शब्द सुनावते आणि मग विचारते, काय हवंय. हे नाव कुणी ठेवलं यावर गल्लीत वाद आहेत. मी म्हणतो माझ्या आईने ठेवलं, आणि तसं न म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. बाई जन्मभर चहा करत आली हे एक कारण. दुसरं असं की तिचं डोकं तापायला वेळ लागत नाही, पण एकदा वाफ निघून गेली की ती पुन्हा आपली मायेची. डोकं माझंही तापतं. माझं तापलं की माणसं पांगतात, तिचं तापलं की जमतात.

मी तिला मावशी म्हणतो. ती मला पुढारी म्हणते, आणि त्यात कौतुक अजिबात नसतं.

ती चहा करायची एका कर्ज देणाऱ्या कंपनीत. जिन्याच्या टोकाला एक चिंचोळी खोली, तिला एकच खिडकी, आणि खिडकी उघडली की समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या खोलीत तिचं राज्य होतं. कुणाला साखर कमी, कुणाला दूध जास्त, हे ती ऐकून घ्यायची आणि करायची तिला वाटेल तसं. एका अधिकाऱ्याने एकदा बिनसाखरेचा चहा मागितला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, म्हणाली तुम्हाला साखरेची गरज आहे, आणि घातली. तो बिचारा पुढे बदली होऊन जाईपर्यंत गोड चहा पीत राहिला.

कंपनीचं कर्ज छोट्या माणसांना. न्हावी, भाजीवाली, सायकली दुरुस्त करणारा, ज्यांना बँक दारातूनच परत पाठवते असे सगळे. हप्ता आठवड्याचा. व्याज किती ते विचारू नका, मला रक्तदाब आहे. आणि हप्ता चुकला तर कंपनी गुंड पाठवत नाही. गुंडाविरुद्ध तक्रार करता येते. कंपनी बसायला माणसं पाठवते.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. सकाळी दुकान उघडलं की एक माणूस येतो. स्वच्छ कपडे, पॉलिश केलेले बूट. कुणाला शिवी देत नाही, कशाला हात लावत नाही. गिऱ्हाइकांसाठी जी खुर्ची नाहीतर बाक असेल त्यावर बसतो, हात गुडघ्यांवर ठेवतो आणि समोर बघत राहतो. दुकान बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत. पोलिसांत गेलात तर ते विचारतात, त्याने केलं काय? काही नाही. बसला. बसणं हा गुन्हा आहे का? आम्ही मोर्चेवाले ठिय्या मारतो तेव्हा तो गुन्हा असतो हा भाग वेगळा.

या बसणाऱ्यांना कामावर निघण्याआधी सकाळचा चहा किटलीच द्यायची. त्यातला एक तिचा विशेष लाडका. अंगाने दांडगा, आवाजाने मऊ, आणि बसला की पापणीही हलवत नाही म्हणून सगळे त्याला पुतळा म्हणायचे. किटली त्याला मोठा कप द्यायची. पोरगं दिवसभर कुठेतरी उपाशी बसतं, म्हणायची. कुठे बसतं, हे तिने कधी मनावर घेतलं नव्हतं.

मग तो तिच्या धाकट्या बहिणीच्या दुकानात जाऊन बसला.

धाकटीचं शिवणाचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्याला. बायकांचे कपडे शिवते. पुढे बाक, मध्ये दोन मशीनं, मागे पडदा लावून माप घ्यायची जागा. नव्या मशीनसाठी तिने कंपनीचं कर्ज काढलं, तेही किटलीच्याच ओळखीने. मग मनगट दुखावलं, कात्री धरवेना, हप्ते राहिले. पुतळा आला आणि बाकावर बसला.

आता बायकांच्या शिवणाच्या दुकानात एक दांडगा अनोळखी पुरुष दिवसभर बाकावर. माप द्यायला पडद्यामागे कोण जाणार? एक बाई दारातून आत बघायची, पुतळ्याला बघायची, आणि उद्या येते म्हणून निघून जायची. दुसरी तर रस्त्यावरूनच परत. बरं, शिवलेले कपडे न्यायलाही कुणी येईना. खुंटीवर तयार कपडे लटकलेले, खाली हा बसलेला. मनगट बरं झालं होतं, हात काम करायला तयार होता, पण कामच येईना. आणि काम नाही तर हप्ता कुठून? माणूस बसवल्यामुळे हप्ता थकतो आणि हप्ता थकल्यामुळे माणूस बसतो. असलं डोकं चालवणाऱ्यांना पगार किती असेल याचा मी कधीकधी विचार करतो.

किटलीने पुतळ्याला चहाच्या खोलीत गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला चिठ्ठीवर पत्ता देतात. मी जाऊन बसतो. तुमची बहीण मला पाणीसुद्धा देते हो." त्या दिवशी तिने त्याला चहा दिला, पण छोट्या कपात.

इथे राजकारण येतं, आणि ते माझं क्षेत्र.

आमच्या भागातून निवडून गेलेल्या गृहस्थांचं नाव मी घेत नाही. फलकांवर ते कायम दात दाखवत असतात म्हणून आमच्यात त्यांना हसरे साहेब म्हणतात. आमची मागणी साधी होती. कर्जवसुलीसाठी कुणीही कुणाच्या घरात, दुकानात येऊन बसायचं नाही, हे कायद्यात लिहा. आणि व्याजाला वरची हद्द घाला. मागच्या निवडणुकीत हसरे आमच्या चौकात येऊन म्हणाले होते, पहिल्याच बैठकीत करतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हातही ठेवला होता. निवडून गेल्यावर मसुदा तयार झाला, आणि मग तो अभ्यासासाठी समितीकडे गेला. समितीत गेलेला कागद आणि विहिरीत पडलेलं भांडं, दोन्हीसाठी गळ टाकावा लागतो.

मधल्या काळात झालं होतं काय, तर सगळ्या कर्जकंपन्यांनी हसऱ्यांच्या प्रचारनिधीला हातभार लावला होता. कायद्याने कंपनीला ठरावीक रकमेपलीकडे देणगी देता येत नाही. माणसाला मात्र स्वतःच्या नावाने देता येते. मग कंपन्यांनी माणसं शोधली, आणि ती ऑफिसातच होती. किटलीच्या कंपनीत हिशेब खात्याचा एक साहेब कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरला. ड्रायव्हर, पहारेकरी, फाइली उचलणारे, सगळ्यांच्या सह्या. आज खात्यात पैसे येतील, उद्या ते तुमच्या नावाने निधीत जातील, तुम्ही काही करायचं नाही.

किटलीने विचारलं, "म्हणजे देणगी माझ्या नावाने?"

"फक्त नावापुरती हो, मावशी."

"नावापुरती म्हणजे काय? नाव मला एकच आहे."

तो हसला आणि तिच्यापुढे पेन धरलं. तिने सही केली. तिची सही फार देखणी आहे, शेवटच्या अक्षराला ती एक शेपूट काढते आणि त्याचा तिला अभिमान आहे.

आता कंपनीच्या हुशार लोकांची एक चूक झाली. त्यांनी पैशांची वाट पक्की केली, पण आभारांची केली नाही. हसऱ्यांचं प्रचार कार्यालय चोख. ज्याच्या नावाने देणगी, त्याच्या घरी जाड कागदावरचं आभारपत्र. बाकीच्यांची पत्रं बहुधा कचऱ्यात गेली. किटलीचं घरी आलं, आणि तिने ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आपल्यासारख्या हितचिंतकांमुळेच आम्ही उभे आहोत. आपल्यासाठी दर गुरुवारी सकाळी साहेबांच्या भेटीची वेळ राखीव आहे. सोबत सोनेरी कडेचं कार्ड.

तिने ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. नवऱ्याला दाखवलं, शेजारणीला दाखवलं, पेपर टाकणाऱ्याला थांबवून दाखवलं. मला दाखवलं तेव्हा मी चहा पीत होतो. ठसका लागून तो नाकातोंडातून बाहेर आला.

मी तिला म्हणालो, मावशी, ही चोरी आहे. तुझ्या नावाआड कंपनीने नेता विकत घेतलाय. आत्ता चल माझ्याबरोबर, वार्ताहरांसमोर सांग की हे पैसे माझे नव्हते. सगळ्यांचं बिंग फुटेल. मी बराच वेळ बोललो आणि चांगलं बोललो. तिने शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, म्हणजे खोटी सही केली म्हणून आधी मीच अडकणार. नोकरी माझी जाणार. तू पेपरात येणार. आणि धाकटीच्या बाकावर तो बसलेलाच राहणार.

मी म्हणालो, लढ्यात थोडं सोसावं लागतं.

हे म्हणायला नको होतं असं माझी बायको म्हणते. मी म्हणतो मुद्दा बरोबर होता. काही असो, किटलीने माझ्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला. गल्लीत असा अपमान आजवर कुणाचा झालेला नाही. पुढे कितीतरी दिवस ती संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर गल्लीतल्या सगळ्यांना चहा द्यायची आणि माझ्यापाशी आली की हातातली चहाची किटली वर उचलून पुढच्याकडे जायची.

आणि गुरुवारी ती ठेवणीतले कपडे घालून, रजा टाकून, हसऱ्यांच्या कार्यालयात गेली.

त्या इमारतीसमोर मी कितीदा उभा राहिलोय. खालच्या पायरीच्या वर मला कुणी येऊ दिलेलं नाही. किटलीने कार्ड दाखवलं आणि तिला लिफ्टने वर नेलं. वरचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, बोलणं सुरू झाल्यावर, आणि ती सांगते तेव्हा नक्कल करून सांगते, त्यामुळे मी तिथे असल्यासारखंच मला दिसतं. मऊ गालिचा. लांबच लांब सोफा. काचेच्या टेबलावर फुलं, पण खोटी. सचिव म्हणून एक चटपटीत मुलगी. तिने विचारलं, आपण कोणत्या कंपनीकडून? किटली म्हणाली, माझ्याकडून.

सोफ्यावर आधीच तीनचार मंडळी होती, सगळी पैशांच्या धंद्यातली. आणि त्यांच्यात खुद्द तिच्या कंपनीचे मोठे साहेब. त्यांना बघून ती सवयीने उठलीच, चहा करायला. मग तिच्या लक्षात आलं की आज ट्रे दुसरं कुणीतरी आणतंय. ती परत बसली. त्यांच्या शेजारीच, कारण जागा तिथेच होती.

मोठे साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही इथे कशा?"

"देणगी दिलीय ना मी. तुमच्याच माणसाने द्यायला लावली."

ती सचिव मुलगी समोरच बसली होती. मोठे साहेब काय बोलणार? ती देणगी तुमची नाही, आमची आहे, असं तिथे बोलले असते तर तोच गुन्हा. चहा आला. किटलीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पाणी नीट उकळू दिलं नव्हतं, म्हणाली मला. एवढ्या मोठ्या ऑफिसात, पुढारी, आणि पाणी उकळत नाहीत.

त्या दिवशी हसरे भेटलेच नाहीत. मागच्या दाराने गेले. सचिव म्हणाली, काय काम ते लिहून द्या. किटली म्हणाली, लिहायचं काही नाही, मी बसते. आणि पुतळा बसतो तशी बसली. हात गुडघ्यांवर, नजर समोर. कार्यालय बंद होईपर्यंत.

पुढच्या गुरुवारी रजा टाकून परत. त्याच्या पुढच्याही. हाकलणार कसं? कार्ड होतं, नाव होतं, पत्रावर हसऱ्यांचीच सही होती. ती कुणाला काही बोलत नव्हती, मागत नव्हती. पण जी माणसं त्या सोफ्यावर आपापली कामं सांगायला यायची, अमुक नियम ढिला करा, तमुक कलम गाळा, त्यांना तिच्यासमोर तोंड उघडवेना. एक चहावाली बाई समोर बसून टक लावून बघतेय आणि तुम्ही व्याजाची हद्द काढून टाकायची गोष्ट बोलताय, हे जड जातं. ते आधी गॅलरीत जाऊन बोलायला लागले. मग फोनवर. मग एक जण दारातूनच तिला बघून म्हणाला, पुढच्या वेळी येतो. मोठ्या साहेबांनी तर गुरुवार सोडलाच. सोफा हळूहळू रिकामा पडला, धाकटीच्या पडद्यामागच्या जागेसारखा.

हे तिने ठरवून केलं का, असं मी तिला विचारलंय. ती म्हणते, मला दुसरं काही सुचलं नाही. रोज सकाळी ज्यांना चहा दिला त्यांच्याकडून एवढं तरी शिकले.

अखेर हसऱ्यांनी तिला आत बोलावलं. फलकावरचं हसू चेहऱ्यावर होतंच. या ताई, बसा, फार बसवलं तुम्हाला. तिने धाकटीचं सगळं सांगितलं, बाक, पडदा, खुंटीवरचे कपडे. हसरे ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, हा विषय जरा नाजूक आहे, तुमच्या कंपनीचंही त्यात हित आहे, तुम्ही तिथेच नोकरीला आहात.

"कंपनीचं काम कंपनी सांगेल," ती म्हणाली. "मी माझं सांगते. देणगी माझ्या नावाने, म्हणजे काम माझं."

हसरे थोडे पुढे झुकले. "ताई, ते पैसे मुळात कुठून आले हे आपल्या दोघांनाही..."

दारापाशी उभी असलेली सचिव खोकली. हसरे तिथेच थांबले. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं.

"कुठून आले?" किटलीने विचारलं. ती मला शपथेवर सांगते की तिने ते साधं, उत्तर हवं म्हणून विचारलं. माझा विश्वास नाही.

हसरे म्हणाले, बघतो. ती म्हणाली, बघा, तोवर मी येत जाईन. पुढच्या गुरुवारांची रजा तिने आधीच टाकून ठेवली होती.

मसुदा समितीतून वर आला. आम्ही खाली रस्त्यावर घोषणा देत होतो, घसा फुटेपर्यंत, आणि त्या घोषणांचाही त्यात वाटा आहे हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. वसुलीसाठी कुणाच्या घरी किंवा दुकानात जाऊन बसायला बंदी झाली. व्याजाची हद्द मात्र समितीतच राहिली, आजही तिथेच आहे.

मी चिडलो. मी किटलीला म्हणालो, मावशी, हा आपला विजय नाही. त्यांनी घाऊक भावात जे विकत घेतलं त्यातला एक तुकडा तुला किरकोळीत मिळाला, तोही त्यांच्याच पैशाने. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने काय करायचं? ती धाकटीच्या दुकानात काज करत बसली होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "मग त्यांच्यासाठी ओरड ना. तुला कुणी अडवलंय? आवाज चांगलाय तुझा." आणि मला चहा दिला. पूर्ण कप.

ती काज करत बसली होती, कारण कंपनीतली नोकरी गेली होती. काढून टाकलं असं कुणी म्हटलं नाही. मजल्यामजल्यावर बटण दाबलं की चहा देणारी यंत्रं आली, आणि त्या चिंचोळ्या खोलीची गरज उरली नाही, असं पत्र आलं. मोठे साहेब निरोप द्यायला आले नाहीत. यंत्राचा चहा तिने जाता जाता चाखून बघितला. त्याबद्दल ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, कोर्टात जाऊ. ती म्हणाली, आधी या बाईचे खिसे लावू दे.

दुकान आता चालतं. बायका पडद्यामागे माप देतात, बाहेर बाकावर किटली असते, आणि तिची मतं पडद्याच्या आतपर्यंत जातात. कमरेत सैल ठेव गं, ही हप्त्याहप्त्याला सुटत चाललीय. असं ऐकूनही त्या परत येतात.

परवा मी तिथे होतो. व्याजाच्या मागणीवर सह्या गोळा करत होतो, तिने आधीच आपली शेपटीवाली सही ठोकली होती. तेवढ्यात दार अडवून कुणीतरी उभं राहिलं. पुतळा. हातात पँट. बसायचं काम बंद झाल्यापासून तो कुठल्याशा गोदामात माल चढवतो. पँट मागून उसवली होती. त्याने ती धाकटीपुढे धरली, खाली बघत म्हणाला, बायकांचेच शिवता हे माहीत आहे, पण दुसरीकडे ओळख नाही.

 धाकटीने पँट घेतली, उलटी केली, मशीनखाली सरकवली.

तो उभाच राहिला. पाठ भिंतीला, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"बस की," किटली म्हणाली.

"नको, मावशी. मनाई आहे."

"अरे गिऱ्हाईक म्हणून बस."

तो बाकाच्या अगदी कडेला टेकला, अर्धा बाहेर. किटलीने फळीवरून मोठा कप काढला.